दासोह आणि विद्या

आमच्या देवालयांतून उत्सवप्रसंगी समाराधना होते, पंक्ती उठतात आणि प्रसाद घेऊन आपण घरी परततो. बीदर व कलबुर्गी या सीमाभागात हेच अन्नदान विद्येच्या कामी कसे आले, हा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

बीदर जिल्ह्यातील कल्याण येथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही तत्त्वे शिकविली. कष्टाने मिळवावे आणि मिळविलेले दासभावाने समाजास अर्पावे, असा त्यांचा आशय. येथे वाढणारा स्वतःस दाता म्हणवीत नाही. सामान्य दानाहून दासोह निराळा तो यामुळेच.

पुढे बहामनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली बीदरास मदरसा बांधला. तेथे विद्यार्थ्यांस शिक्षणाबरोबर अन्नवस्त्रही विनामूल्य मिळे. १४८१ मध्ये सुलतानाने या वजिराचा वध करविला, आणि १६९६ च्या स्फोटात ती तीन मजली वास्तू बरीचशी ढासळली. उस्मानिया विद्यापीठाचे प्राध्यापक हारून खान शेरवानी यांनी १९४२ साली गावानाचे चरित्र लिहून त्याच्या कार्याचा साक्षेपी परामर्श घेतला.

राजाश्रय असा, लोकाश्रयाची कथा वेगळी. अरळगुंडगीचे शेतकरी शरणबसवेश्वर (१७४६–१८२२) यांनी कलबुर्गीत दासोह चालविला, तो भाविकांच्या धान्यावर. त्यांच्याच पीठाचे दोड्डप्पा अप्पा यांनी १९३४ साली विद्यावर्धक संघ स्थापून त्या परंपरेस शाळांची जोड दिली. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू (१८८९–१९९९) यांनी तर निजामी अमलात बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकविले आणि निराधार मुलांस मठातच जेवू घातले. उर्दूच्या सक्तीची झळ मराठवाड्यातील आमच्या बांधवांसही लागली होती. त्यांना या पाटीचे मर्म निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे वार लावून अथवा माधुकरी मागून पुष्कळजण शिकले, हे खरे. परंतु माधुकरीची झोळी कोणाच्या खांद्यावर शोभे आणि कोणास उंबऱ्यापासूनच परतविले जाई, हेही आम्ही विसरू नये. दासोहाच्या पंक्तीत जात विचारावयाची नसते. ज्यास अन्नच नाही त्याच्यापुढे पाटी ठेवून काय होणार?

२००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. कर्नाटकाने २००२ मध्ये उत्तरेकडील सात जिल्ह्यांत ही योजना आरंभिली. बीदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, त्यांत होते. योजनेचे नाव शासनाने ठेविले ‘अक्षर दासोह’.