पहिली नोकरी पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात : नर्सिंग झालेल्या पोरींनी गाडीत बसायच्या आधी काय पाहावं?

अमरावती / अकोला : एएनएम, जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग पूर्ण झालं की दर्यापूर, अचलपूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडच्या बऱ्याच पोरी पहिल्या नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठतात. आता पोरंही जातात, त्यांना तिकडे ‘ब्रदर’ म्हणतात. आपल्याकडे दवाखाने नाहीत असं नाही. अमरावतीत इर्विन, डफरीन आहे, अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सरकारी जागा भरती निघाल्याशिवाय मिळत नाही, आणि मोठ्या आयसीयूचा अनुभव जास्त करून मोठ्या शहरातच मिळतो.

घरचे आधी विचारतात, राहणार कुठं, खाणार काय. त्याच्याही आधी पाहायचं ते नोंदणीचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात नसेल तर चांगला दवाखाना स्टाफ नर्स म्हणून घेत नाही. घेतलं तरी ‘ट्रेनी’ म्हणून कमी पैशात राबवून घेतात. निकाल लागला की लगेच अर्ज करा, कार्ड यायला वेळ लागतो. पुणे, मुंबई, नाशिक आपल्याच राज्यात असल्यामुळे तीच नोंदणी चालते. हैदराबाद, सुरत, इंदूरला जायचं असेल तर तिथल्या कौन्सिलकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

पगार आणि कागद

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निकालानंतर केंद्राने एक समिती नेमली होती. तिची शिफारस अशी : ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिन्याला किमान २० हजार रुपये मिळावेत. ५० ते १०० खाटा असतील तर पगार सरकारी नर्सपेक्षा फार तर २५ टक्के कमी असावा, १०० च्या वर फार तर १० टक्के कमी, आणि २०० च्या वर सरकारीइतकाच. ही शिफारस आहे, सगळीकडे पाळली जात नाही. तरी बोलणी करताना हा आकडा माहीत असावा, समोरचा सांगेल त्याला नुसती मान डोलवू नये.

नेमणूकपत्र लेखी घ्या. त्यात पगार किती, कापून हातात किती येणार, ड्यूटी किती तासांची, आठवड्याचा ऑफ आहे का, हे वाचा. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू होतं का ते विचारा, त्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. बॉण्ड असेल तर किती महिन्यांचा, मधात सोडलं तर किती भरायचे, हे सही करायच्या आधी पाहा. ओरिजिनल मार्कशीट आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट दाखवायचं, ठेवायला द्यायचं नाही. झेरॉक्स द्या. ओरिजिनल अडकलं की नोकरी सोडता येत नाही अन् दुसरी धरताही येत नाही. आणि ‘नोकरी लावून देतो, आधी इतके भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. नर्स सगळ्याच दवाखान्यांना पाहिजे आहेत, त्यासाठी दलाल कशाला?

राहणं आणि पैसा

दवाखान्याचं होस्टेल असेल तर पहिले सहा महिने तेच बरं. रात्री आठला ड्यूटी सुटली तरी चालत खोलीवर जाता येते. नसेल तर पुण्यात ‘कॉट बेसिस’वर जागा मिळते, म्हणजे खोलीतली एक खाट आपली. सरकारी योजनेतली नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, आता त्यांना ‘सखी निवास’ म्हणतात. तिथं जागा रिकामी असेल तर स्वस्त पडते.

खरी अडचण पहिल्या दीड महिन्याची. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, युनिफॉर्म हे सगळं जाताच लागतं आणि पहिला पगार महिना भरल्यावर येतो. जॉइनिंग जून-जुलैत आलं तर घरात पेरणी चालू असते, बियाणं-खतातच हात रिकामा झालेला असतो. सोयाबीनचे पैसे येतात ते दिवाळीच्या आसपास. म्हणून पोरगी शेवटच्या वर्षाला असतानाच ही रक्कम बाजूला काढलेली बरी. व्याजाने काढली तर पहिले चार पगार त्यातच जातात.

वॉर्डात गेल्यावर

बहुतेक ठिकाणी सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या असतात आणि रात्रीची बारा तासांची. ‘ओव्हर’ घेतल्याशिवाय पेशंट हातात घेऊ नका आणि दिल्याशिवाय निघू नका. हेपॅटायटिस बीचे तीन डोस (सुरुवातीला, एका महिन्याने, सहा महिन्यांनी) झालेले असावेत. वापरलेली सुई टोचली तर लाजून गप्प बसू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, इनचार्ज सिस्टरला त्याच वेळी सांगा. एचआयव्ही टाळायची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही.

भाषेवरून थोडं हसतील. आपण ‘मी करून राहिली’ म्हणतो, भाजीवाल्याला सांबार मागतो. तिकडे सांबार म्हटलं की इडलीसोबतचं येते, आपल्या सांबारला कोथिंबीर म्हणावं लागतं. महिनाभरात सवय होते. मुंबईत मात्र पेशंटशी हिंदी बोलता आलं पाहिजे.

कोणी वाईट वागलं, अंगचटीला आलं तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार लेखी तिच्याकडे द्या. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

जाण्या-येण्यासाठी अमरावतीहून मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते, बडनेरा, अकोलावरून सकाळी मुंबईत पोहोचवते. पुण्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि आझाद हिंद बडनेरा, अकोल्याला थांबतात. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते. नव्या माणसाला दिवाळीत सुट्टी सहसा मिळत नाही, म्हणून तिकीट काढायच्या आधी इनचार्जला विचारून ड्यूटीचा चार्ट पाहून घ्या.