शाळा अंगणांत गेली

मूल शाळेंत येत नाहीं, तेव्हां दोष मुलाचाच असतो काय? १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणास आरंभ केला, तेव्हां हा प्रश्न त्यांनीं घराच्या उंबऱ्यावरून पाहिला. मुलें बालवाडींत येईनात, म्हणून बालवाडीच वस्तींतल्या अंगणांत नेली. १९५७ मध्यें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें गुरें राखीत. त्यांच्यासाठीं कुरणांतच शाळा भरली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटें भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून तिचे हात पाटीसाठीं मोकळे केले. घरची अडचण शिक्षकांनीं आपली मानली, तेव्हांच मूल अक्षरापाशीं बसलें.