लोणारचा ल, शेगांवचा श

बुलढाणा जिल्ह्याचें नांवच दोन तऱ्हांनीं लिहिलें जातें. कोणी ‘ढ’ घालतो, कोणी ‘ड’. माणसाला दोन्हींत गांव एकच दिसतें, संगणकाला दोन. परंतु याच जिल्ह्यांतील लोणारचा ल आणि शेगांवचा श यांची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे.

जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक खिळ्यांनीं नागरीचें मुंबई वळण दूरवर रूढ झालें. पाकळीचा ल आणि देठाचा श मराठी डोळ्यांत बसले ते अशा पुस्तकांतून. हिंदी प्रांतीं ल दांडीचा. पुढें १९९१ सालीं युनिकोड आलें. त्यानें दोन्ही वळणांच्या ‘ल’ला एकच संकेतांक दिला. हें योग्यच झालें, कारण अक्षर एकच आहे. वळण टंकसंचावर सोपविलें, आणि पुष्कळ संचांचें मूळ वळण हिंदी! राज्य शासनानें २००९ सालीं पाकळी व देठ हींच रूपें प्रमाण ठरविलीं, तरी पडद्यावर पुष्कळदां दांडीच.

उपाय मात्र केवढासा! संकेतस्थळाच्या रचनेंत भाषा सांगणारी एक खूण असते. तेथें ‘एमआर’ लिहिलें, आणि संचांत मराठी रूपें असलीं, कीं ब्राउझर तीं आपण होऊन निवडतो. लोणार सरोवराविषयींचें एक मराठी पान आम्हीं उघडलें, तों तेथें खूण इंग्रजीची. रचना करणाऱ्यानें तयार सांचा तसाच ठेवला असावा. आमच्या प्रतींत नोटो टंकसंच लावून आम्हीं तीं दोन रोमन अक्षरें बदललीं. लोणारच्या ‘ल’ला पाकळ्या फुटल्या.