एका कढईचा इतिहास

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा, असा समज शाळेच्या पुस्तकांनी आपल्या मनात दृढ करून ठेविला आहे. मीही अनेक वर्षे तीच पुस्तके शिकविली. परंतु जो इतिहास बखरींत सापडत नाही, तो पुष्कळदा चुलीवरच्या कढईत सापडतो. आज आपण अशाच एका कढईवरचे झाकण काढून पाहणार आहोत. ती गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांची असून तीत चोरीस आणि बटाटे एकत्र शिजत असतात.

चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. मांसाचे लहान तुकडे मीठ लावून ठेवावयाचे. वाळलेल्या लाल मिरच्या, लसूण, मिरे, लवंग व दालचिनी माडीच्या शिर्क्यात वाटून त्या मसाल्यात ते मुरवावयाचे. आणि मग स्वच्छ धुतलेल्या आतड्यात भरून, दोऱ्याने गाठी मारून, उन्हात व चुलीच्या धुरात वाळवावयाचे. शिजविण्याची रीत तर अगदी साधी. वरचे वेष्टन काढून मांस कढईत घालतात व थोडे पाणी ओततात. तेलाची गरज पडत नाही, कारण मांसातील चरबीच वितळून पुरते. मग जाडसर चिरलेला कांदा आणि बटाट्याच्या फोडी घालून वर झाकण ठेवितात. मीठ घालावयाचे ते शेवटी, चव पाहून. कारण चोरिसातील मीठ रसात उतरलेलेच असते. बटाटा तो तिखट-आंबट रस शोषून घेतो आणि थोडक्या मांसात सारे कुटुंब पोटभर जेविते. सोबत पाव असला म्हणजे झाले.

आता आमच्या दिंडोरीच्या बाजारात उभे राहून कोणास विचारले, की ह्या दोन जिन्नसांपैकी परका कोणता, तर उत्तर तत्काळ मिळेल: 'सॉसेज परके, बटाटा तर आपलाच.' इतिहासाचे उत्तर मात्र नेमके उलटे आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात राजाच्या पाकशाळेचे विस्तृत वर्णन आहे. डुकराचे मांस कसे सिद्ध करावे हे त्यात सांगितले आहेच. शिवाय आतड्यात सारण भरून ते निखाऱ्यावर भाजण्याचा प्रकारही दिला आहे. म्हणजे सॉसेजची कल्पना दख्खनच्या पठाराला आठ-नऊशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. गोव्याच्या चोरिसाचे नाव व घडण पोर्तुगिजांकडून आली हे खरे, परंतु आतड्यात मांस भरण्याची युक्ती आपणांस कोणी परक्याने प्रथम शिकविली असे नव्हे. उलट त्या थोर ग्रंथात बटाटा नाही आणि मिरचीही नाही. असणार कोठून? त्या वेळी ही दोन्ही पिके अमेरिका खंडाबाहेर कोणास माहीत नव्हती.

बटाट्याचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथील लोक तो हजारो वर्षे पिकवीत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेथेही त्याचे स्वागत झाले नाही. जमिनीखाली वाढणाऱ्या ह्या कंदाविषयी शेतकऱ्यांना संशय वाटे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्याला 1756 मध्ये बटाटे लावण्याविषयी हुकूम काढावा लागला. पुढे तोच कंद गरिबांचा आधार झाला, आणि आयर्लंडसारख्या देशात इतका एकुलता एक आधार झाला, की 1845 पासून करप्याने पीक गेले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्याच आयर्लंडच्या डब्लिन शहरात सॉसेज, कांदा व बटाटे एका भांड्यात शिजवून केलेले 'कॉडल' हे लोकप्रिय अन्न आहे. गरिबाची बुद्धी सर्व देशांत सारखीच चालते.

आपल्याकडे बटाट्याचे नावच त्याचा मार्ग सांगते. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'बताता'वरून आला, आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांतील लोकांच्या भाषेतून उचलला होता. तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. पाव, कोबी, काजू, अननस, चावी हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला. 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले. वसई त्यांनी 1534 मध्ये मिळविली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. किल्ला परत आला. शब्द मात्र परत गेले नाहीत. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. गोव्याच्या 'विंदालू'तील 'आलू' म्हणजे बटाटा, असे समजून पुष्कळ स्वयंपाकी त्यात बटाटे घालतात. वस्तुतः तो शब्द पोर्तुगीज असून त्याचा अर्थ लसूण असा आहे!

बटाट्याची लागवड आपल्याकडे जोमाने पसरली ती मात्र इंग्रजी अमदानीत. महाबळेश्वरी ठेविलेल्या चिनी कैद्यांनी तेथे भाजीपाल्याचे व बटाट्याचे मळे केले. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव ह्या भागांत बटाटा हे नेहमीचे पीक झाले. 1949 मध्ये बटाट्याच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि आज बटाट्याच्या उत्पादनात भारताचा क्रमांक जगात चीनच्या खालोखाल लागतो.

चोरीस करण्यामागील विचारही आपल्या गृहिणींस अपरिचित नाही. गोव्यात पावसाळ्यापूर्वी वर्षाच्या बेगमीची जी तयारी होते, तिला 'पुरुमेंत' म्हणतात. हाही मूळचा पोर्तुगीज शब्दच. सुकी मासळी, मिरच्या, आमसुले ह्यांच्या जोडीला चोरिसाच्या माळा घरात टांगल्या जातात. आमच्याकडे वैशाखाच्या उन्हात कुरडया, पापड व सांडगे वाळत असतात, त्यांचा हेतू हाच. जिन्नस निराळे, पण आभाळ भरून येण्याची धास्ती एकच.

आता आमच्या तालुक्यातील रस्त्याकडे पाहा. नवरात्रात सप्तशृंगगडाकडे जाणारे भाविक दिंडोरी-वणीच्या वाटेने जातात. त्यांपैकी पुष्कळांचा उपास असतो व फराळाला साबुदाण्याची खिचडी असते. त्या कढईत काय काय आहे? साबुदाणा हल्ली कसावा नावाच्या कंदापासून होतो. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातीलच. आपले म्हणावे असे जिरे आणि तूप! उपासाला धान्य वर्ज्य, कंद मात्र चालतो, ह्या जुन्या नियमाच्या दारातून परदेशी कंद सोवळ्यात शिरला. त्याचाच सगोत्र, त्याच खंडातून आलेला टोमॅटो दिंडोरीच्या शेतांत भरघोस पिकतो, तरी बहुतेक घरी उपासाला तो चालत नाही. का चालत नाही, ह्याचे उत्तर शास्त्रात शोधू नये. ते सवयीत आहे.

श्रोतेहो, हे सारे केवळ कुतूहलापोटी सांगितलेले नाही. ताटावरून माणूस पारखण्याची खोड माणसाला फार महाग पडली आहे. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन स्थापन झाले व मधला थोडा काळ वगळता 1812 पर्यंत चालले. त्याच्या 1736 च्या हुकमाने ख्रिस्ती झालेल्या लोकांना हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविण्याचीही बंदी केली. भातातील मीठ हा माणसाच्या श्रद्धेचा पुरावा ठरला! इकडे आपल्या बाजूला तरी काय होते? पाव खाल्ल्याने माणूस बाटतो अशी समजूत होती. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा सांगितल्या जात. एकाने भातात मीठ आहे की नाही ते पाहावे, दुसऱ्याने हातात पाव आहे की नाही ते पाहावे, आणि मध्ये सापडलेल्या गरीब कुटुंबाने कोठे जावे?

आज तोच पाव नाशिकला मिसळीबरोबर सर्व जातींचे लोक आनंदाने खातात, आणि पावात बटाटावडा घालून मुंबई आपली भूक भागविते. त्याने कोणी बाटले नाही. जे एका पिढीला विटाळ वाटले, ते दुसरीला अन्न वाटले व तिसरीला 'आपले खास' वाटू लागले.

ह्याचा अर्थ ज्याने त्याने चोरीस खावे असा नव्हे. ज्याला जे वर्ज्य, ते त्याने सुखाने वर्ज्य मानावे. व्रत हा ज्याच्या त्याच्या निष्ठेचा भाग आहे. परंतु शेजाऱ्याच्या कढईतील पदार्थाला 'परका' म्हणण्यापूर्वी आपल्या कढईतील बटाट्याला त्याचे गाव विचारावे. तो अँडीज पर्वताचे नाव सांगेल. आणि तरीही तो आपलाच आहे.