दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे

आपल्याकडे डिप्लोमावाला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येतो. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. या वाटेचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर यांचं म्हणणं होतं की पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील. त्यातून १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला ज्युनियर कॉलेज निघालं. पण याची खरी 'सिस्टीम' बसवली कॅलिफोर्नियाने, १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये. युद्धानंतर जन्मलेली पोरं कॉलेजच्या दारात येऊन ठेपली होती. क्लार्क केर आणि मंडळींनी वाटणी केली: वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरचे एक तृतीयांश स्टेट कॉलेजांत, आणि ज्युनियर कॉलेज सगळ्यांना खुलं. शिवाय विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांना ४० आणि शेवटच्या दोन वर्षांना ६० टक्के विद्यार्थी, असं प्रमाण ठरवलं. म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी जागा डिझाइनमध्येच राखलेली!

या दारातून कोण आलं? क्रेग व्हेंटर. शाळेत जेमतेम, मग नौदलातर्फे व्हिएतनाम. परतल्यावर कॉलेज ऑफ सॅन मटेओ, तिथून सॅन डिएगोचं विद्यापीठ, १९७२ साली बायोकेमिस्ट्रीची पदवी. जून २००० मध्ये मानवी जनुकसंचाचा आराखडा व्हाइट हाउसमध्ये जाहीर झाला, तेव्हा हा गडी तिथे उभा होता.

पण सायन्सवाल्यांसाठी दार उघडं असणं पुरत नाही. इतिहासाचे विषय मागेपुढे केले तरी चालतं. बायोकेमिस्ट्रीला जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर्स, त्यावर ऑरगॅनिकची दोन. झाली की दोन वर्षं! फिजिक्सच्या आधी कॅल्क्युलस. आपल्या भाषेत हा क्रिटिकल पाथ, आणि त्यात मोकळा वेळ शून्य. प्रवेशपरीक्षेत बीजगणित कच्चं निघालं की पोरगं 'उजळणी'च्या वर्गात जायचं, केमिस्ट्री पुढे सरकायची आणि दोनाची तीन-चार वर्षं व्हायची. फी कमी असली तरी गेलेलं वर्ष कोण परत देणार?

हे दुखणं जुनंच. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने कॉलेजांना सांगितलं की विद्यार्थ्याला वर्षभरात विद्यापीठात धरलं जाणारं गणित पुरं करता येईल, अशी सोय करा. म्हणजे मास्टर प्लॅननंतर तब्बल ५७ वर्षांनी! कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात चालतो, ते आता 'असिस्ट' या साइटवर दिसतं.

तेव्हा तिकडे कुणा नातेवाइकाचं पोर या वाटेने निघालं असेल, तर त्याला सांगा: पहिल्याच सेमिस्टरला गणित आणि केमिस्ट्री घे. बाकीचे विषय थांबतात, ही साखळी थांबत नाही. केरसाहेबांनी जागा राखली खरी, पण तिथवर वेळेत पोचायचं गणित ज्याचं त्यालाच मांडावं लागतं.