खर्ड्याचा विजेता आणि त्याचे पहारेकरी

जामखेडहून पुढे गेलं की खर्डा लागतं. बीड आणि धाराशिवच्या हद्दीजवळचं गाव, गावात निंबाळकरांचा भुईकोट किल्ला. इतिहासाच्या पुस्तकात याला एक ओळ मिळते : ११ मार्च १७९५, मराठे विरुद्ध निजाम, मराठे विजयी. मार्क एक. पुढचा प्रश्न.

लढाईचं वर्णन मी फार करणार नाही, कारण खरं सांगायचं तर लढाई तशी झालीच नाही. दिवसभर तोफा, थोडी हातघाई, आणि रात्री भलतंच. पाण्यासाठी ओढ्यावर गेलेल्या मराठ्यांच्या एका लहान टोळीची निजामाच्या लोकांशी गाठ पडली, अंधारात बंदुका वाजल्या आणि निजामाच्या अख्ख्या फौजेत घबराट उडाली. साठी ओलांडलेला निजाम अली जनानखान्यासकट खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी वेढा घातला आणि दोन दिवसांत तो तहाला तयार झाला. दौलताबादसह बराच मुलूख, कोट्यवधींची खंडणी आणि वर त्याचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क ओलीस!

छावणीत जल्लोष. पण ज्याच्या नावाने हा विजय झाला तो सवाई माधवराव पेशवा उदास होता, असं ग्रँट डफ लिहितो. कारण विचारल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा मतलब असा : त्यांनी इतक्या सहज लोटांगण घालावं आणि आपल्या लोकांनी न लढता मिळालेल्या विजयाच्या फुशारक्या माराव्यात, दोन्हीकडे किती ही अवनती! वय वर्षं वीस, एकविसावं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. मला तर लढाईपेक्षा या उत्तरातच जास्त रस आहे. इतकं नीट बघणाऱ्या मुलाला घरात कसं वागवत होते?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात, म्हणजे स्वतःच्या घरात, खून झाला. बायको गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर हलवलं आणि तिथे १८ एप्रिल १७७४ ला हा मुलगा झाला. चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. १७७७ मध्ये आईही गेली. आजी गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला राहायची. तिचा एक मुलगा पानिपतावर पडलेला, दुसरा क्षयाने गेलेला, तिसऱ्याचा हा असा खून. उरला हा एक नातू. त्याने कसं वागावं, दिवस कसा घालवावा, वडीलधाऱ्यांचं कसं ऐकावं याचे नियम तिने लिहून पाठवले होते. ते वाचून आपल्याला हसू येतं, पण तीन मुलगे गमावलेल्या बाईने दुसरं काय पाठवायचं?

तर पहारा का बसला हे समजण्यासारखं आहे. राघोबादादा इंग्रजांची फौज घेऊन दारात उभा, खुनाचा संशय त्याच्यावर. अशा वेळी नाना फडणवीसांनी पोराला डोळ्यांआड होऊ दिलं नाही, यात चूक काय? आपण बाल्कनीला जाळी लावतो, गॅसचा नॉब काढून ठेवतो, तसंच. फक्त मोठ्या प्रमाणावर.

पण १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. राघोबाला पेन्शन लागली, तो कोपरगावला येऊन राहिला (हेही आपल्याच जिल्ह्यात) आणि १७८३ च्या डिसेंबरात वारला. धोका संपला. पहारा मात्र तसाच! आमच्या धंद्यात याला नाव आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला म्हणून 'तात्पुरता' घातलेला पॅच. तो पुढे दहा वर्षं कुणी काढत नाही, कारण तो नेमका कशासाठी होता हेच कुणाला आठवत नसतं, आणि काढल्यावर काही झालं तर?

मुलगा वाढत होता. आठव्या वर्षी, १७८३ त, थाटात लग्न झालं. प्राण्यांची आवड होती. पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता, त्यातली हरणं शिकवून तयार केलेली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ त काढलेलं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. त्या चित्रातसुद्धा नाना शेजारी आहेतच! त्याच वर्षी महादजी शिंदे पुण्यात आले. त्यांनी काय केलं, तर पोराला शिकारीला नेलं, मोकळेपणाने गप्पा मारल्या. नानांना जे वीस वर्षांत जमलं नाही ते महादजींना काही महिन्यांत जमलं. पण १७९४ च्या फेब्रुवारीत महादजीही गेले.

आणि मग खर्डा. अख्खी मराठेशाही पेशव्याच्या निशाणाखाली एकत्र आली ती शेवटची. आता तरी दोर सैल व्हावा की नाही? झाला नाही. राघोबाचा मुलगा बाजीराव जुन्नरला शिवनेरीवर नजरकैदेत होता. नात्याने चुलता, वयाने वर्षभर लहान. त्याने बळवंतराव नागनाथाच्या मार्फत गुपचूप पत्रव्यवहार सुरू केला. सूर असा, की तुम्ही पुण्यात कैदी, आम्ही इथे कैदी. माधवरावाने उत्तरं पाठवली. आयुष्यात केलेला हा बहुधा एकमेव हट्ट. नानांना कळलं. बळवंतरावाला बेड्या पडल्या, बाजीरावावरचा पहारा कडक झाला आणि पेशव्याला, होय, पेशव्याला, रागवून घेतलं गेलं. एकविसाव्या वर्षी!

नाना वाईट होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्याइतकं त्या मुलासाठी कुणीच झिजलं नाही. बाहेरून कोण घुसेल यावर त्यांची नजर पक्की होती. आत काय चाललंय ते मात्र दिसलं नाही.

दसऱ्याला तो लोकांसमोर आला. २५ ऑक्टोबर १७९५ ला शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. ग्रँट डफ म्हणतो उडी मारली. सरदेसाईंसारखे इतिहासकार म्हणतात तापाच्या भरात तोल गेला. तुम्हाला पटेल ते घ्या. वाडा तोच, बाप मारला गेला तो. आणि या वेळी बाहेरून कुणी आलं नव्हतं.

पुढचं सगळं झटपट घडलं. वर्षभराच्या गोंधळानंतर डिसेंबर १७९६ मध्ये पेशवा झाला तो बाजीराव, ज्याची पत्रं घेतल्याबद्दल बोलणी बसली होती. त्या गोंधळात निजामाची मदत हवी म्हणून नानांनी महाडच्या तहात खर्ड्याची जवळजवळ सगळी कमाई परत देऊन टाकली. आणि १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी खुद्द नानांनाच पकडलं. ठेवलं कुठे? नगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात.