नगररचनाकाराचे अधिकारक्षेत्र : औरंगाबाद–करमाड परिसराच्या इतिहासातील एक प्रश्न

नगरांचे इतिहास बहुधा संस्थापकांच्या नावांनी सुरू होतात आणि इमारतींच्या वर्णनाने संपतात. या दोहोंच्या मध्ये जो अधिकारी रस्त्याची रुंदी ठरवितो, शाळेसाठी जागा राखून ठेवतो, आणि कोणत्या शेतात घर उभे राहील व कोणत्या शेतात राहणार नाही याचा निवाडा नकाशावर रंगाने नोंदवितो, त्याचा निर्देश क्वचितच आढळतो. स्थानिक संस्थेच्या सेवेतील वरिष्ठ नगररचनाकार हा तो अधिकारी होय. त्याच्या पदाचा इतिहास हा केवळ एका व्यवसायाचा इतिहास नव्हे. नगराविषयी निर्णय करण्याचा अधिकार वस्तुतः कोणाचा, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आणि त्याच्या पूर्वेस जालना मार्गावर सुमारे २० किलोमीटरवर असलेले करमाड, यांच्या दरम्यानचा प्रदेश या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. या पट्ट्यात नगर जसजसे पुढे सरकले, तसतशी नियोजनाची सत्ता स्थानिक संस्थेकडून अन्यत्र सरकत गेली.

१. पदाचा उगम

मुंबई इलाख्यात नगररचनेचे शासकीय कार्य १९१४ साली सल्लागार भूमापकाच्या नेमणुकीने सुरू झाले. ए. ई. मिरॅम्स हे त्या पदावरील पहिले अधिकारी होत. लगोलग १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम संमत झाला. हिंदुस्थानातील या विषयावरील हा पहिला कायदा. इंग्लंडमधील १९०९ चा कायदा आणि जर्मनीतील भूखंडांच्या पुनर्वाटणीची पद्धती, या दोहोंचा ठसा त्याच्यावर स्पष्ट दिसतो. नगराच्या कडेला असलेल्या मोकळ्या जमिनीचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करावयाचे, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या आणि उरलेली जमीन नव्या आकारात मूळ मालकांना परत करावयाची, हे या पद्धतीचे सूत्र होते.

या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. योजनेचा अंतिम निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यास कायद्याने ‘लवाद’ म्हटले होते. प्रत्येक जमीनमालकाचे म्हणणे ऐकून त्याला कोणता भूखंड मिळावा आणि त्याने सुधारणेपोटी किती अंशदान द्यावे, हे या लवादाने ठरवावयाचे होते. म्हणजेच नगररचनाकार हा आरंभीपासून केवळ नकाशा काढणारा तंत्रज्ञ नव्हता. ज्याची जमीन जाणार त्याच्यासमोर बसून निर्णयाची कारणे सांगणे हेही त्याचे कर्तव्य होते.

याच काळात पॅट्रिक गेडेस हिंदुस्थानात आले. मुंबई इलाख्यातील नगरांविषयी त्यांनी १९१५ साली अहवाल सादर केला आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन केले. जुन्या वस्तीतून सरळ रस्ता काढण्यापूर्वी ती वस्ती पायी हिंडून पाहावी, पाडापाड शक्य तितकी टाळावी आणि रोगाचे निदान झाल्याखेरीज उपचार करू नये, अशी त्यांची भूमिका होती. लवादाचे कायदेशीर कर्तव्य आणि गेडेस यांचा व्यावसायिक आग्रह यांत एक साम्य होते. दोहोंतही नियोजनकार लोकांच्या समक्ष उभा होता.

स्थानिक संस्थेचा सेवक संपूर्ण नगराचा विचार कोणत्या व्याप्तीने करू शकतो, याचे ठळक उदाहरण मुंबईत सापडते. मुंबई महापालिकेच्या अभियांत्रिकी सेवेतील एन. व्ही. मोडक यांनी अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांच्या सहकार्याने बृहन्मुंबईच्या बृहद् योजनेची रूपरेषा तयार केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य हे की, ती महापालिकेच्या तत्कालीन सीमेत अडकून पडली नाही, तर उपनगरांचा व त्यांपलीकडील प्रदेशाचाही तिने विचार केला. पुढे १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द उपनगरांपर्यंत वाढविण्यात आली. या उदाहरणात दृष्टी आधी विस्तारली आणि हद्द मागाहून तिच्यापर्यंत पोहोचली. औरंगाबादच्या बाबतीत हा क्रम जुळून आला नाही.

२. मराठवाड्याचा वेगळा वारसा

औरंगाबादला नियोजनाची परंपरा नव्हती असे म्हणता येणार नाही. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे राजधानी वसविली आणि नहर-ए-अंबरीच्या द्वारे तिला पाणी दिले. हे पाणी शहराबाहेरील डोंगराळ प्रदेशातून भूमिगत नळांनी आणलेले होते. औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, नगराभोवती तट उभा राहिला. तथापि तटाच्या आतील नगर तटाबाहेरील पाण्यावरच जगत होते. पैठणच्या जायकवाडी जलाशयातून शहरास पाणीपुरवठा होऊ लागल्यानंतर तर हे परावलंबन अधिकच दूरवर गेले. नगराची शासकीय सीमा आणि त्याच्या जीवनाची सीमा कधीच एक नव्हती, हा या इतिहासाचा पहिला बोध होय.

परंतु आधुनिक अर्थाने ज्यास नगररचना म्हणतात, तिची परंपरा मराठवाड्यास उशिरा लाभली. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९१५ चा मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. हैदराबाद संस्थानातील नगरसुधारणेचा मुख्य भर राजधानीवर होता आणि १९१२ साली स्थापन झालेले नगरसुधार मंडळही हैदराबाद शहरासाठीच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षीच्या हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियमाची जागा पुढे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने घेतली. पुणे किंवा अहमदाबाद येथील नगरपालिकांनी भूखंड योजनांच्या द्वारे जो दीर्घ अनुभव मिळविला, लवादासमोरील सुनावण्यांतून नागरिकांना जी सवय लागली, ती येथे निर्माण होण्यास अवसरच मिळाला नाही. राज्यव्यापी कायदा आला तेव्हा औरंगाबादची नगरपालिका या कामात नवशिकी होती.

३. कायद्यातील नगररचनाकार

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ साली संमत झाला व ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. त्याने स्थानिक संस्थेस ‘नियोजन प्राधिकरण’ हा दर्जा दिला. प्राधिकरणाने आपला इरादा जाहीर करावा, नगररचना अधिकारी नेमावा, त्याने विद्यमान जमीनवापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार करावा, प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. हरकतींची सुनावणी करणाऱ्या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकाने नेमलेले अधिकाधिक ४ तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी मात्र राज्य शासनाची असते, आणि प्राधिकरणास निदेश देण्याचा अधिकारही शासनाने स्वतःकडे राखलेला आहे.

या रचनेत वरिष्ठ नगररचनाकाराचे स्थान चमत्कारिक आहे. बहुतेक महापालिकांत आणि नगरपरिषदांत तो राज्याच्या नगररचना विभागातून प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. त्याचे वेतन स्थानिक संस्था देते, परंतु त्याची बदली व बढती अन्यत्र ठरते. सभागृहास तो परका वाटतो, तर शासनाच्या दृष्टीने तो सभागृहाच्या दडपणाखाली असतो. एखाद्या भूखंडावरील उद्यानाचे आरक्षण उठवावे असा ठराव झाला, तर त्याने अभिप्राय लिहावयाचा. तो मानला जाईलच असे नाही, पण न लिहिल्यास दोष त्याचाच. शिवाय आरक्षित जमीन १० वर्षांत संपादन झाली नाही, तर मालकाच्या सूचनेनंतर ठरावीक मुदतीत आरक्षण व्यपगत होते. नकाशावर राखलेली शाळा तिजोरीत पैसा नसल्यामुळे नाहीशी होते आणि तिचे उत्तर मागितले जाते नगररचनाकारास. अधिकार विभागलेला, उत्तरदायित्व मात्र एकाच्या माथी, अशी ही स्थिती आहे.

४. औरंगाबाद : प्राधिकरणांची मालिका

औरंगाबादचा औद्योगिक विस्तार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधील स्थापनेनंतर झाला. रेल्वे स्टेशन परिसर, चिकलठाणा, नंतर वाळूज आणि त्यानंतर शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. २००१ मध्ये स्कोडा कंपनी शेंद्र्यास आली. या वसाहतींतील भूखंड, रस्ते व बांधकाम परवाने ही महामंडळाची कक्षा होती. कामगार मात्र राहण्यास शहरात येत.

या निवासाचा प्रश्न सोडविण्यासाठी १९७० नंतरच्या दशकात ‘सिडको’कडे नवे औरंगाबाद वसविण्याचे काम सोपविण्यात आले. सिडकोने क्रमवार विभाग आखले, निरनिराळ्या उत्पन्नगटांसाठी घरे बांधली, रस्ते व मोकळ्या जागा आधी आखून वस्ती मागाहून येऊ दिली. नियोजनाच्या दृष्टीने हे काम उजवे होते, हे मान्य करणे प्राप्त आहे. परंतु तो भाग महापालिकेकडे हस्तांतरित झाला तो २००६ साली. महापालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी, भोवतालची १८ गावे सामावून घेत, अस्तित्वात आली होती. म्हणजे तिच्या पहिल्या दोन दशकांत नगराचा सर्वांत सुनियोजित भाग दुसऱ्याच्या नियोजनाखाली राहिला, आणि तिच्या नगररचनाकारांच्या वाट्यास आली ती जुन्या तटातील दाटी व नव्याने सामील झालेल्या गावांची शेतजमीन.

या शेतजमिनीवर जे घडले त्यास मराठवाड्यात ‘गुंठेवारी’ हे नाव आहे. शेताचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पाडून ते मुद्रांकपत्रावर विकले गेले. घेणाऱ्यास सिडकोचे घर परवडत नव्हते किंवा त्याचा क्रमांक लागत नव्हता. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली राज्यास स्वतंत्र अधिनियम करावा लागला आणि त्याची कालमर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. गुंठेवारी हे केवळ बेकायदेशीर कृत्य मानणे अपुरे आहे. विकास योजनेने ज्यांच्यासाठी जागा ठेवली नाही, त्यांनी स्वतः केलेली ती नगररचना होय. तिच्यात रस्ता अरुंद आहे, नाली नाही, शाळेस जागा नाही, परंतु घर आहे.

५. करमाड : नियोजनकाराविना गाव

करमाड हे या विस्ताराच्या पूर्व टोकास येते. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील हे स्थानक आणि जालना रस्त्यावरील हे गाव दळणवळणाच्या दृष्टीने प्रथमपासून नगराशी जोडलेले होते. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ते ग्रामपंचायतीच्या कक्षेत राहिले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीस बांधकामास परवानगी देण्याचा जो अधिकार दिला, त्याचे क्षेत्र गावठाणापुरते सीमित झाले. शिवारातील जमिनीचा अकृषिक वापर हा जिल्हाधिकाऱ्यांचा विषय ठरला.

दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिका प्रकल्पात शेंद्रा–बिडकीन औद्योगिक क्षेत्र घेण्यात आले, तेव्हा करमाडच्या शिवारातील जमीनही संपादनाखाली आली. शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांच्या या ‘ऑरिक’ नगरीसाठी राज्याचे महामंडळ आणि केंद्राचा न्यास यांनी मिळून एक कंपनी स्थापन केली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिच्या प्रशासकीय भवनाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. भूमिगत वाहिन्या, रुंद रस्ते, सांडपाण्याचा पुनर्वापर अशी तिची आखणी आहे. नकाशाचा दर्जा हा येथे वादाचा विषय नव्हे. प्रश्न आहे तो या नकाशासमोर गावाचे स्थान काय, हा.

१९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखालील संपादनात नोटीस जाते ती जमिनीच्या मालकास. शेतकरी आपल्या सातबाऱ्यापुरता हरकतदार असतो. गावाची वाढ कोणत्या दिशेने व्हावी, नव्या कामगारवस्तीस पाणी कोठून मिळावे, गुरांची वाट कोठून जावी, यांविषयी गाव म्हणून बोलण्यास व्यासपीठ उरत नाही. मोबदल्याची चर्चा होऊ शकते, आराखड्याची होत नाही. १९१५ च्या कायद्यात मालकास त्याच गावात नव्या आकाराचा भूखंड परत मिळे व त्यासाठी लवाद त्याचे म्हणणे ऐके. येथे त्याला रक्कम मिळते आणि त्याचा नगराशी असलेला संबंध त्या रकमेबरोबर संपतो.

घटनात्मक तरतुदींतही ही विषमता आढळते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या १८ विषयांत पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा आहे आणि दुसरा जमीनवापर व बांधकाम यांच्या नियमनाचा. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत यांपैकी एकही नाही. म्हणजे जे गाव नगर होण्याच्या वाटेवर आहे, त्याला नियोजनाची गरज सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच अवस्थेत त्याच्यापाशी नियोजनकार नसतो. पुढे २०१६ च्या अधिनियमाखाली औरंगाबाद महानगर प्रदेशासाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले. महापालिका, सिडको, औद्योगिक महामंडळ, ऑरिकची कंपनी, महानगर प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी अशी ही मालिका आहे. तिच्यातील प्रत्येकापाशी नगररचनाकार आहे, ग्रामपंचायतीपाशी नाही.

६. उपसंहार

विशेष प्राधिकरणांच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद केला जातो. निधी, तंत्रज्ञ व गती ही तिन्ही साधने दुर्बल स्थानिक संस्थेपाशी नसतात. सिडको नसती तर तिच्या भूमीवरही गुंठेवारीच वाढली असती. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु तो कार्यकारणाची उलट बाजू दृष्टीआड करतो. ज्या संस्थेकडून प्रत्येक कठीण काम काढून घेतले जाते, ती ते काम कधी शिकत नाही, आणि तिची अकार्यक्षमता हेच पुढील प्राधिकरणाचे समर्थन ठरते. मुंबईत मोडकांच्या पिढीने जी क्षमता महापालिकेच्या सेवेत राहून कमावली, ती मराठवाड्यात साठू शकली नाही याचे हे एक प्रमुख कारण आहे.

१० लक्ष व अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत, असे संविधानाचा २४३ य ङ हा अनुच्छेद सांगतो. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ चा अधिनियमही केला. करमाडसारख्या गावाचा आवाज महानगराच्या आराखड्यापर्यंत पोहोचावा, याची कायदेशीर वाट त्यामुळे उपलब्ध आहे. पंचायतीस स्वतःचा नगररचनाकार देणे परवडणार नसेल, तर अनेक गावांनी मिळून एक नेमावा, यातही अशक्य असे काही नाही. नगररचनाकाराच्या पदाचा इतिहास जो निष्कर्ष सुचवितो तो साधा आहे : आराखडा कोणी काढला यापेक्षा त्याने तो कोणासमोर मांडला, यावर त्याचे न्याय्यत्व अवलंबून असते. १९१५ च्या लवादास हे कायद्याने बंधनकारक होते. शंभर वर्षांनंतर करमाडच्या शिवारात त्याचा विसर पडावा, ही नगररचनेची प्रगती म्हणता येणार नाही.